पायतपासणी

“पाय!”

नागोजीराव दारातल्या स्टुलावरून ओरडले, तसा चेलुवानं चौकटीला हात टेकून उजवा पाय वर केला. नागोजीरावांनी टॉर्च मारला आणि कपाळाला हात लावला.

“हा पाय म्हणायचा की फुटका माठ?”

“हमालीचं काम आहे सार. मार्केटात सगळीकडे पाणी.”

“हमाली डोक्यावर करतोस. पायात चप्पल घालू नको असं कुणी सांगितलं? परवा नवी जोडी दिली ती कुठाय?”

“दिली एकाला. त्याला नव्हती.”

“दिली! कर्णाचा अवतारच की नाही तू. जा, बुडव बादलीत.”

बादलीत औषधाचं जांभळं पाणी होतं. चेलुवानं दोन्ही पाय त्यात घातले आणि थंड आहे म्हणून तोंड वाकडं केलं. रांगेतली बाकीची पोरं खिदळली. हमाली करून ज्याची मान बैलासारखी झाली होती, त्याला गार पाणी सोसत नव्हतं. नागोजीरावांनी हात टेकले होते या पोरांपुढे, पण स्टूल सोडलं नव्हतं.

म्हैसूरच्या बसस्टँडमागे एका संस्थेनं चालवलेला हा निवारा. पूर्वी बियाण्यांचं गोदाम होतं. घरातून पळालेली, घरानं हाकललेली किंवा घरच नसलेली पोरं संध्याकाळी इथं येऊन झोपायची आणि सकाळी चहा पिऊन शहरात पांगायची. मिसरूड फुटण्यापासून लग्नाच्या वयापर्यंतची सगळी. संस्थेनं भिंतीवर नियम रंगवून ठेवले होते: दारू नको, मारामारी नको, आणि आजारी पडलेल्याला इथं ठेवायचं नाही, इस्पितळात पाठवून जागा दुसऱ्याला द्यायची. पायांचा नियम भिंतीवर नव्हता. तो नागोजीरावांचा स्वतःचा.

नागोजीरावांची हयात पोलिसांच्या घोडदळात गेली होती. घराणं महाराजांच्या जुन्या फौजेतलं. पणजोबांच्या हातात तलवार, आजोबांच्या हातात भाला, वडिलांच्या हातात लगाम, त्यांच्या स्वतःच्या हातात खरारा, असं खाली खाली येत आता बादली आली होती. त्यांची बायको भवानीबाई हे अधूनमधून ऐकवायची. नागोजीरावांना त्याचं काही वाटत नसे. घोडा बोलत नाही, त्याचा पाय बोलतो, यावर त्यांनी नोकरी काढली होती, आणि निवाऱ्याचे रखवालदार झाल्यावर पोरांच्या बाबतीतही तेच खरं असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. पोरं तोंडानं सांगायची ते सगळं खोटं. कुठून आलास, काय काम करतोस, दुपारी काय खाल्लंस, सगळ्यालाच थापा. पाय थापा मारत नव्हते. कोण गटारात उतरला, कोण हॉटेलच्या मोरीत भांडी घासत बसला, कोण प्रसादासाठी अनवाणी चामुंडीचा डोंगर चढून आला, ते पाय उचलला की कळायचं.

नवा आलेला पोरगा पाय दाखवायचाच नाही. लाजायचा, भांडायचा, एखादा तर अंगावर धावून यायचा. नागोजीराव म्हणायचे, “घोडंसुद्धा पहिल्या दिवशी पाय देत नाही. पाय हातात दिला की पळता येत नाही, हे त्याला कळतं. ज्यानं आपणहून पाय दिला, तो आपला.” हे ते इतक्यांदा म्हणायचे की पोरं पाठीमागे त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायची.

आणि एवढं करून उपयोग काय? पालथ्या घड्यावर पाणी. मलम दिलं की पोरं ते डोक्याला लावायची. पट्टी बांधली की तिनं पोत्याचं तोंड बांधायची. दसऱ्याआधी सिद्दा नावाचा एक पोरगा तापानं फणफणला, तर त्याला इस्पितळात पाठवलं म्हणून सगळ्यांनी नागोजीरावांशी अबोला धरला. सिद्दा बरा होऊन आला तेव्हा त्याच्या जागेवर दुसरा होता. हल्ली तो बसस्टँडवर झोपतो. नागोजीरावांना वाईट वाटलं होतं, नाही असं नाही. पण त्यांनी पोरांना स्वच्छ सांगितलं होतं, “आजारी घोडा रांगेत बांधत नाहीत. बाकीच्यांनाही लागतं.”

रांगेच्या शेवटी नंजुंड होता. तो नेहमी शेवटीच असायचा, कारण मागच्या नळावर बाकीच्यांना पाय धुवायला लावण्याचं काम त्यानं आपल्याकडे घेतलं होतं. वयानं विशीच्या आसपास, अंगानं काटकुळा, लग्नाच्या कार्यालयांत वाढप्याचं काम करायचा. पिरियापट्टणकडचा. आई होती तोवर मायलेक तंबाखूच्या भट्टीवर कामाला होते. आई गेली आणि हा म्हैसूरच्या बसमध्ये बसला. धुतलेले मोजे घालून येणारा निवाऱ्यातला हा एकुलता एक प्राणी.

“पाय!”

नंजुंडानं मोजा काढून पाय पुढे केला. गोरा नव्हे, पण गुळगुळीत. एक भेग नाही, नखं कापलेली.

“बघा रे, ह्याला म्हणतात पाय! नवरदेवाचा पाय!” नागोजीराव बाकीच्यांकडे बघून म्हणाले. मग त्यांचा टॉर्च घोट्याजवळ थांबला. मोज्याच्या इलास्टिकचा वळ तिथं खोल रुतला होता. त्यांनी घोट्यावरून हात फिरवला. “पण भरलेत रे तुझे पाय.”

“उभं राहून सार. लग्नाचा सीझन आहे. एक पंगत उठली की दुसरी बसते.”

“तेच ते. घोडा ठाणावर नुसता उभा राहिला की त्याचे पाय असेच भरतात. औषध लागत नाही त्याला. चालवला की उतरतात. उद्यापासून सकाळी मागच्या मैदानाला फेऱ्या मारायच्या. सगळ्यांनीच. नुसते लोळत असता चहा येईपर्यंत.”

नंजुंडाचा चेहरा उतरला. नागोजीरावांनी त्याचा अर्थ आळस असा लावला.

“सरी सार, चालतो,” नंजुंड म्हणाला आणि मोजा हातात घेऊन आत गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोदा आली, आणि नागोजीरावांच्या डोक्याला नवा ताप झाला. कुवेंपुनगरातल्या तिरुमलरावांची मुलगी, कॉलेजात शिकवायची आणि डॉक्टरेटसाठी काही अभ्यास करत होती. संस्थेच्या मॅनेजरनं फोन करून सांगितलं होतं की बाईंना मदत करा, बेघर तरुणांचं आरोग्य आणि त्यांचं आंतरिक सामर्थ्य असा विषय आहे. नागोजीरावांनी फोन ठेवला आणि रिकाम्या खोलीला ऐकवलं, “चप्पल सांभाळता येत नाही, आणि म्हणे सामर्थ्य.”

त्यांना फोनवर घरच्यांशी मराठीत बोलताना ऐकून गोदा एकदम खूश झाली.

“अंकल, तुम्ही मराठी? अय्यो, आमच्या घरी पण! म्हणजे आजी बोलते फुल्ल. मला अर्धं अर्धंच येतं.”

“आमचं तरी काय अम्मा, लष्कराचं मराठी. कन्नड घालून घालून सारासारखं पातळ झालेलं. बोला, काय पाहिजे?”

“ह्या बॉईजच्या स्ट्रेंग्थ... आतली शक्ती म्हणायचं का? ती बघायची आहे. कशावर ते टिकून राहतात, तसं.”

“आतली? मला बाहेरची दिसंना अजून. बघा, तुम्हाला दिसली तर मला पण दाखवा स्वल्प.”

गोदानं पोरांना गोल बसवलं आणि एकेकाला कन्नडात विचारायला लागली, तुझी ताकद कोणती? चेलुवा म्हणाला, पोतं उचलतो. एकजण म्हणाला, भूक लागली तरी माझ्या तोंडावर दिसत नाही. एकानं शिट्टी वाजवून दाखवली. दारात उभ्या नागोजीरावांना वाटलं, या पोरीला कुणीतरी खुळ्यात काढतंय आणि ती मन लावून लिहून घेतेय. शिकून शिकून माणसाचं असं होतं.

नंजुंडाची पाळी आली. तो हसत म्हणाला, “माझी ताकद म्हणजे मला झोप येत नाही. आडवा झालो की छातीवर... म्हणजे झोपच येत नाही. मग भिंतीला टेकून बसतो. पहाटे सगळ्यांना कामाला मीच उठवतो. निवाऱ्याला घड्याळ घ्यायची गरज नाही.”

पोरं हसली. नागोजीरावही दारातून ओरडले, “चांगला घोडा उभ्यानंच झोपतो!” मग आणखी मोठा हशा झाला.

गोदा तेवढी हसली नाही. निघताना ती नागोजीरावांपाशी घुटमळली.

“अंकल, त्या नंजुंडला डॉक्टरकडे नेलं का कधी? बोलताना मध्येच थांबतो तो. एक सेंटेन्स सरळ पुरा होत नाही. आणि आडवं होता येत नाही म्हणतो, ते...”

“अम्मा, तुमच्या जन्माआधीपासून मी पाय बघतोय. ह्या अख्ख्या निवाऱ्यात सगळ्यात चांगला पाय त्याचा. थोडे भरलेत, चालला की उतरतील.”

“नाही, मला वाटलं म्हणून...”

“वाटतं हो सगळ्यांना. एक दिवस येऊन सगळ्यांनाच वाटतं. आम्ही रोज बघतो.”

“सॉरी अंकल,” गोदा म्हणाली आणि स्कूटरवर बसून निघून गेली. नागोजीरावांना आपण जिंकल्यासारखं वाटलं. ही विजयाची भावना घरी पोचेपर्यंत टिकली.

नजरबादेतल्या घरी भवानीबाई त्यांच्या पायांकडेच बघत बसली होती. चपला दारात काढून नागोजीराव अंगणात अनवाणी फिरून आले होते.

“सगळ्या गावाचे पाय बघता. स्वतःचे बघा की जरा. डॉक्टर सांगून थकला, साखर आहे, अनवाणी फिरू नका. आधी तुम्हीच पायाला मुंग्या येतात म्हणत होतात.”

“त्या गेल्या आता. काहीच होत नाही.”

“काहीच होत नाही म्हणजे? कळत पण नाही का पायाला?”

“मुंग्या गेल्या म्हणजे बरंच झालं ना?”

“अय्यो देवा!” भवानीबाईनं हात जोडले, देवाला नव्हे, त्यांनाच. “आणा इकडे, तेल लावते.”

“बेड, बेड, नको,” म्हणत नागोजीरावांनी पाय धोतराखाली ओढून घेतले. संसारात त्यांनी बायकोला पगार दिला, किल्ल्या दिल्या, पण पायाला हात लावू दिला नव्हता. उगाच कोणी आपल्याला उचलून बघावं हे त्यांना पटत नसे.

मैदानाच्या फेऱ्या सुरू झाल्या. निवाऱ्यामागचं ते मोकळं मैदान दसऱ्यात गाड्या उभ्या करायला वापरतात. एरवी तिथं फुटक्या बाटल्या आणि कुत्री. नागोजीराव चहाचा पेला घेऊन मागच्या दारात उभे राहायचे. माघातलं धुकं असायचं. पोरं घोळक्यानं चालायची आणि त्यांत नंजुंडाचा लाल स्वेटर लांबूनही ओळखू यायचा. तो फेऱ्यांमागून फेऱ्या मारायचा, थकायचा नाही. नागोजीराव खूश होते. संध्याकाळी पाय बघितला की मात्र त्यांचं डोकं फिरायचं. सूज उतरायचं नाव नाही. उलट घोट्याची आता नडगीपर्यंत चढली होती.

“चालतोस ना रे?”

“चालतो की सार. तुम्हीच बघता.”

हे काय त्रांगडं आहे ते त्यांना उमजेना. एवढं चालून घोड्याचे पाय उतरले नाहीत असं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. शेवटी त्यांना शंका आली, आणि एका सकाळी मागच्या दारात न थांबता ते रस्त्यानं वळसा घालून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथं पंपाची खोली होती.

खोलीच्या भिंतीला टेकून नंजुंड बसला होता. अंगावर कुणाची तरी चादर, गुडघे पोटाशी. मैदानात पोरांचा घोळका फिरत होता, आणि घोळक्यात लाल स्वेटर घालून चेलुवा चालत होता. स्वेटर त्याला इतका तोकडा होत होता की अर्धं पोट बाहेर. या बाजूनं जाताना एकेक पोरगा नंजुंडाकडे बघून काहीतरी बोलायचा, कुणी बिस्किटाचा तुकडा त्याच्या हातात ठेवायचा, आणि घोळका पुढे जायचा.

नागोजीरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज उठून आपण चहा गार करत या नाटकाकडे बघत होतो! आणि या टग्यांना वाटलं, म्हाताऱ्याला लांबून काय कळतंय!

“चोर आहात सगळे!” ते ओरडत पुढे झाले. “माझ्या डोळ्यात धूळ फेकता? ऊठ नंजुंड! काढ रे चेलुवा तो स्वेटर!”

घोळका जागच्या जागी थांबला. चेलुवा धावत आला. “बेड सार. मी मारतो ना त्याच्या फेऱ्या. दुप्पट मारतो.”

“पाय तुझे भरलेत का? आजारी हा आणि औषध तू घेणार?”

“सार, तो...”

नंजुंडानं हात वर करून त्याला गप्प केलं. मग भिंत धरून उठला, चेलुवाकडून स्वेटर घेऊन अंगात घातला, नीट खाली ओढला. “सॉरी सार,” तो म्हणाला. “आळस केला.” आणि चालायला लागला.

सगळे बघत उभे राहिले. नंजुंड पहिल्या कोपऱ्यापर्यंत बरा चालला. पुढे त्याची चाल मंद झाली. मग तो थांबला, वाकला, आणि चपलेचा पट्टा लावायला बसावं तसा खाली बसला.

“नाटक पुरे!” नागोजीराव ओरडले. तोंडातून शब्द जाईपर्यंत त्यांना कळलं होतं. घोडदळात त्यांनी एकच घोडा असा बसताना बघितला होता. तो पुन्हा उठला नाही.

ते धावले. या वयात, ढेरी सांभाळत, धोतर एका हातात धरून. चपला कधी सुटल्या त्यांना समजलंही नाही. पोचले तेव्हा नंजुंड एका हातावर रेलून तोंड उघडं टाकून हवा ओढत होता. ओठ जांभळे झाले होते, बादलीतल्या औषधासारखे.

चेलुवानं त्याला पोत्यासारखं खांद्यावर टाकायला बघितलं, पण आडवं केल्यावर त्याला श्वासच घेता येईना. मग दोघांनी हातांचा पाळणा करून त्याला बसवला आणि रस्त्यावरच्या रिक्षात घातला. रिक्षा सुटली तसा नंजुंड अडखळत म्हणाला, “सार... माझी जागा.”

“गप बस.”

“दुसऱ्याला... देऊ नका.”

“गप बस म्हटलं ना!” नागोजीराव खेकसले. मग तोंड रस्त्याकडे वळवून बसले, कारण डोळ्यांत पाणी आलेलं त्यांना या पोरांना दाखवायचं नव्हतं.

इस्पितळातली डॉक्टर तरुण होती. तिनं नंजुंडाला उशांना टेकवून बसवलं, प्राणवायूची नळी लावली, सुई दिली. मग पँट वर सरकवून नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथं खळगा पडला. तो तसाच राहिला. भरून येईना.

“किती दिवस आहे हे?”

उत्तर चेलुवानं दिलं, भडाभडा, एवढे दिवस कोंडून ठेवलेलं सगळं. लहानपणी सांधे धरायचे आणि ताप यायचा, तेव्हा हृदयाची झडप बिघडलीय असं तालुक्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. आई दर महिन्याला सुई द्यायला घेऊन जायची. आई गेली आणि सुई बंद झाली. जिना चढवत नाही. आडवं झोपवत नाही. पंगत वाढताना मध्येच खांबाला टेकतो, मग दुसरा कुणीतरी त्याची बादली घेऊन पुढे जातो.

“आणि मला कुणी सांगितलं नाही,” नागोजीराव म्हणाले.

“सांगून काय सार?” चेलुवा त्यांच्याकडे न बघता म्हणाला. “तुम्ही त्याला रांगेतून काढलं असतं. सिद्दाला काढलं ना. आजारी घोडा रांगेत बांधत नाहीत म्हणता तुम्हीच. म्हणून आम्ही ठरवलं, आपणच सांभाळू.”

डॉक्टर लिहिता लिहिता थांबली. “हृदय दमलं की पाणी पायात उतरतं. ह्याला पूर्ण विश्रांती पाहिजे होती. आणि हा म्हणतो, रोज सकाळी चालायचं होतं. चालवत कोण होतं ह्याला?”

नळीतून श्वास घेत नंजुंड घाईघाईनं म्हणाला, “मीच. मला कुणी... सार तर बस म्हणायचे.”

“मी,” नागोजीराव म्हणाले. “मी चालवत होतो.”

डॉक्टरनं त्यांच्याकडे बघितलं. झडपेचं ऑपरेशन करावं लागेल असं तिनं सांगितलं. मोठ्या इस्पितळात नाव घालते म्हणाली. वाढप्याचं काम मात्र आता विसरा.

नागोजीराव बाहेरच्या बाकावर येऊन बसले. त्यांना सगळ्यांचा राग आला. या कार्ट्यांचा आला, एवढं मोठं आजारपण एका स्वेटरखाली झाकून ठेवतात! संस्थेचा आला, आजारी माणसाला घराबाहेर काढायचा नियम भिंतीवर रंगवते आणि वर निवारा म्हणवते. त्या गोदाचा तर सगळ्यांत जास्त आला. एवढं दिसत होतं तर ओरडायचं होतं की जोरानं! भांडायचं होतं, बादली लाथाडायची होती. या शिकलेल्या पोरी सॉरी म्हणतात आणि निघून जातात. सगळ्यांवर रागावून झाल्यावर बाकावर ते एकटेच उरले. भरलेला पाय त्यांनी रोज हातात धरला होता, टॉर्च मारून बघितला होता, आणि नवरदेवाचा म्हणून चारचौघांत नाचवला होता.

मॅनेजरचा फोन आला. “राव, ऐकलं मी. फार वाईट झालं. पण एक जागा रिकामी झाली ना? एक नवीन पोरगा येतोय.”

“जागा रिकामी नाही.”

“म्हणजे? नियम आहे ना आपला?”

“भिंतीवर आहे. भिंतीलाच विचारा,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. उद्या आपली नोकरी राहणार नाही, असंही त्यांना वाटून गेलं, पण त्यावर रागवायला आता अंगात त्राण नव्हतं.

सकाळपासून ते या खिडकीवरून त्या खिडकीवर, औषधाच्या दुकानात, रक्त तपासायच्या खोलीत, असे फिरत होते. दुपार कलली तेव्हा भवानीबाईनं शेजारच्या मुलाबरोबर रव्याची पेज पाठवली. ती घेऊन ते वॉर्डात गेले. नंजुंडाचे ओठ आता जरा माणसासारखे दिसत होते. चेलुवा पलंगाशी जमिनीवर बसल्या बसल्या पेंगत होता.

“तुझी जागा आहे तिथंच आहे,” नागोजीराव पेजेचा डबा ठेवत म्हणाले. “कुणाला देत नाही. दिली तर हा बैल मला जमिनीत गाडेल. आता पी हे गपचूप.”

नंजुंडानं डब्याकडे बघितलंच नाही. तो खाली जमिनीकडे बघत होता.

“रावसार,” तो म्हणाला, “पाय.”

“काय?”

“पाय दाखवा. डावा.”

“तुला बोलायचं नाही म्हणून सांगितलंय डॉक्टरनं.”

“पाय!” नंजुंड पुन्हा म्हणाला. दम नव्हता, पण आवाज थेट नागोजीरावांचा होता. चेलुवा दचकून जागा झाला.

नागोजीरावांनी मागे वळून बघितलं. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर दारापासून पलंगापर्यंत लाल ठसे उमटले होते. एक सोडून एक, फक्त डाव्या पायाचे. तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्या चपला मैदानातच राहिल्या, आणि सकाळपासून आपण अनवाणी फिरतोय. पायाला काहीही कळलं नव्हतं. आत्ता बघतानाही कळत नव्हतं.

“बाटलीची काच असेल,” ते म्हणाले. “घरी जाऊन बघतो.”

नंजुंडानं सुई नसलेला हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. न बोलता, घाई न करता. नव्या पोरासमोर नागोजीराव धरायचे तसा.

नागोजीरावांनी पलंगाची लोखंडी दांडी पकडली. मग डावा पाय उचलून त्यांनी त्याच्या हातात दिला.

नंजुंडानं टाच धरून पाय उजेडाकडे वळवला. तळव्यात काचेचा तुकडा आत रुतून बसला होता. त्यानं त्याच्याभोवती बोटानं हलकेच दाबून बघितलं.

“दुखतं?”

“नाही.”

“इथं?”

“नाही रे. कुठंच नाही.”

“मग हे बरं नाही सार,” नंजुंड गंभीरपणे म्हणाला. “चेलुवा, सिस्टरना बोलव. पळ.”

चेलुवा फुटक्या टाचांनी फटफट आवाज करत पळाला. नागोजीरावांनी पाय मागे घ्यायला बघितला, तशी टाचेवरची पकड घट्ट झाली.

“हलू नका,” नंजुंड म्हणाला.

नाल ठोकताना शहाणं घोडं उभं राहतं, तसे नागोजीराव सिस्टर येईपर्यंत एका पायावर गुपचूप उभे राहिले.